स्कॅनरचा गोंगाट आणि ऐकण्याचे एफएमआरआय प्रयोग: नवख्यांसाठी पायरीपायरीने

एफएमआरआय म्हणजे काम करणाऱ्या मेंदूची चित्रं चुंबकीय स्कॅनरने टिपणं. त्यात पाहण्याचा प्रयोग करणाऱ्याला स्कॅनरच्या आवाजाची फारशी फिकीर करावी लागत नाही, कारण पडद्यावरचं चित्र गोंगाटाने पुसट होत नाही. ऐकण्याचा प्रयोग करणाऱ्याची अडचण मात्र पहिल्याच सेकंदाला सुरू होते. मेंदूचा जो भाग तपासायचा, त्याच भागाला यंत्र स्वतः कामाला लावतं. म्हणून या लेखातलं सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: स्कॅनरचा आवाज हा पार्श्वभूमीचा त्रास नाही. तो तुम्ही प्रत्येक सहभागीला ऐकवत असलेला आणखी एक ध्वनी आहे. तुमच्या वाक्यांची आणि सुरांची वेळ जशी लिहून ठेवता, तशी त्याचीही लिहा.

आवाज येतो कुठून

स्कॅनरच्या कायम चुंबकीय क्षेत्रात ग्रेडियंट कॉइल, म्हणजे जागेनुसार क्षेत्र थोडं कमीजास्त करणाऱ्या तारांच्या गुंडाळ्या, बसवलेल्या असतात. त्यांतून जाणारा विद्युतप्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट होतो. चुंबकीय क्षेत्रातल्या प्रवाह वाहणाऱ्या तारेवर बल येतं, बलाची दिशा प्रवाहाबरोबर पालटते आणि कॉइलचा सगळा साचा ध्वनिवर्धकाच्या पडद्यासारखा थरथरतो. प्रवाह तेवढाच ठेवून क्षेत्र दुप्पट केलं, तर बल दुप्पट होतं, म्हणजे आवाज साधारण ६ डेसिबलने चढतो. १.५ टेस्लावरून ३ टेस्लावर (टेस्ला हे क्षेत्राच्या ताकदीचं माप) गेलेल्यांना हा फरक लगेच जाणवतो.

मेंदूचं कार्य टिपण्यासाठी बहुतेक ठिकाणी ईपीआय (एको प्लॅनर इमेजिंग) हा झटपट चित्र घेणारा सिक्वेन्स, म्हणजे पल्स आणि ग्रेडियंट यांचा ठरलेला क्रम, वापरतात. त्याचा मोजणीचा ग्रेडियंट फार झपाट्याने उलटतो, म्हणून तोच सर्वांत कर्कश. ३ टेस्लावर, सहभागी झोपतो त्या स्कॅनरच्या नळीच्या आत ११० डेसिबलच्या पुढे आवाज जाणं नेहमीचं आहे. त्याखेरीज हीलियम थंड ठेवणाऱ्या पंपाची ठराविक लयीतली टकटक आणि हवेच्या पंख्याची घरघर स्कॅन बंद असतानाही चालू राहते.

नुकसान नेमकं काय होतं

पहिलं नुकसान उघड आहे: गोंगाट तुमचा ध्वनी झाकतो. ईपीआयचा मुख्य सूर बहुधा ५०० ते १,५०० हर्ट्झच्या दरम्यान पडतो आणि त्याचे पटीतले सूर वर चढत जातात. बोलण्यातले स्वर आणि बरीच व्यंजनं याच पट्ट्यात असतात. शिवाय खालचा सूर वरच्या सुरांना जास्त झाकतो, हा आंतरकर्णातल्या बेसिलर पटलाचाच स्वभाव आहे.

दुसरं नुकसान दिसत नाही, म्हणून जास्त घातक. नवखा विचार करतो की गोंगाट दोन्ही अटींमध्ये (तुलना करायच्या परिस्थितींमध्ये) सारखाच आहे, मग वजाबाकीत निघून जाईल. तो जात नाही, कारण श्रवण कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या ऐकण्याच्या भागाचा, प्रतिसाद सरळ बेरजेने वाढत नाही. गोंगाटाने तो आधीच वर चढलेला असतो आणि वर उरलेल्या थोड्या जागेत तुमच्या ध्वनीला आपला फरक दाखवावा लागतो. एकट्या वाक्याला शांततेत मिळाला असता त्याहून लहान प्रतिसाद मिळतो, आणि सौम्य व जोरदार ध्वनींमधलं अंतर दबतं. सतत स्कॅन चालू असताना ‘बोलणं वजा शांतता’ म्हणून जे मोजलं जातं, ते खरं तर ‘बोलणं अधिक गोंगाट, वजा गोंगाट’ असतं. अहवालातही ते तसंच म्हणावं.

तिसरं नुकसान कष्टाचं. गोंगाटातून वाक्य वेचून काढताना कपाळाच्या बाजूचे भाग, पुढचा इन्सुला आणि सिंग्युलेट हे सगळे कामाला लागतात. तुमचा प्रश्न व्याकरणाचा असेल आणि निकालात हे भाग उजळले, तर ते व्याकरणाचे की ऐकण्याच्या धडपडीचे हे नंतर ठरवता येत नाही. दोन गटांची तुलना असेल तर हे विशेष सांभाळा. वयस्क किंवा ऐकू कमी येणाऱ्या सहभागींना तोच गोंगाट तरुणांपेक्षा जास्त जड जातो. मग गटांमधला दिसणारा फरक भाषेचा नसून यंत्राच्या आवाजाचा असू शकतो.

पायरी १: आपल्या सिक्वेन्सचा सूर काढा

सिक्वेन्सच्या माहितीपत्रकात ‘एको स्पेसिंग’ शोधा. मोजणीचा ग्रेडियंट एवढ्या वेळाने एकदा उलटतो, म्हणजे पूर्ण आवर्तनाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. एको स्पेसिंग ०.५ मिलिसेकंद असेल तर आवर्तन १ मिलिसेकंदाचं आणि मुख्य सूर १,००० हर्ट्झचा. ०.७ मिलिसेकंद असेल तर सुमारे ७१४ हर्ट्झ. स्लाइसचा, म्हणजे मेंदूच्या चित्राच्या एकेका कापाचा, वेगही काढून ठेवा. २ सेकंदांत ३० स्लाइस म्हणजे सेकंदाला १५ ठोके, त्यामुळे तो सूर १५ हर्ट्झच्या लयीत तुटत राहतो. तुमचा प्रयोग लयीचा किंवा चढउताराचा असेल, तर ही संख्या तुमच्या ध्वनीच्या लयीशी जुळते का ते पाहा. कॉर्टेक्सवर सुरांचा नकाशा काढायचा असेल, तर मुख्य सुराजवळचे सूर नकाशात कमकुवत दिसण्याचा धोका धरून चला.

मग खरा आवाज ध्वनिमुद्रित करा. साधं ध्वनिमापक यंत्र स्कॅनरच्या खोलीत नेऊ नका. त्यात लोखंडी भाग असतात आणि चुंबक ते ओढून घेतं. फायबर-ऑप्टिक मायक्रोफोन यासाठीच बनवलेले आहेत. खोलीत काहीही नेण्याआधी केंद्राच्या सुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी घ्या. मायक्रोफोन हेड कॉइलच्या (डोक्याभोवती बसणाऱ्या साच्याच्या) आत कानाच्या जागी ठेवा, नळीच्या तोंडाशी नको, कारण दोन ठिकाणच्या पातळीत बराच फरक पडतो. ३० सेकंदांचं ध्वनिमुद्रण पुरतं. ते पुढे सरावासाठी लागेल.

एको स्पेसिंग बदलून आवाज कमी करता येतो का? काही प्रमाणात येतो. ग्रेडियंट सावकाश चढवले, त्यांचे कोपरे गोल केले, तर वरचे सूर गळतात. पण एको स्पेसिंग लांबलं की चित्र जास्त वाकडं होतं, आणि श्रवणाचे भाग हवेने भरलेल्या कानामागच्या हाडाजवळ असल्याने तिथे वाकडेपणा आधीच जास्त असतो. शिवाय प्रत्येक ग्रेडियंट कॉइलला स्वतःचे अनुनादाचे सूर असतात. त्या सुरांवर चालवलं तर आवाज एकदम चढतो आणि यंत्रालाही इजा होऊ शकते. कन्सोल एखादं एको स्पेसिंग नाकारत असेल तर ते जबरदस्तीने चालवू नका.

पायरी २: कान नीट झाका

आयईसी ६०६०१-२-३३ या मानकानुसार आवाज ९९ डेसिबल-ए च्या वर जाऊ शकत असेल, तर कानांचं संरक्षण सक्तीचं आहे. क्षणिक कमाल पातळी कधीही १४० डेसिबलच्या पुढे जाता कामा नये. ही सुरक्षेची किमान मर्यादा झाली. प्रयोगासाठी याहून बरंच शांत हवं.

फोमचा प्लग पाकिटावरच्या आकड्याएवढा, म्हणजे ३० डेसिबलच्या आसपास आवाज अडवतो, पण नीट बसला तरच. त्याला दोन बोटांमध्ये फिरवून, सुरकुती न पडता, बारीक काडीसारखा करा. दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा म्हणजे वाकडी असलेली नलिका सरळ होते. मग प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, निदान २० ते ३० सेकंद, बोटाने धरून ठेवा. नीट बसलेल्या प्लगचं टोक समोरून पाहिल्यावर जेमतेम दिसतं. बाहेर लटकत असेल तर काढून पुन्हा घाला. सहभागीला गुणगुणायला सांगा. आवाज डोक्यात दोन्ही बाजूंना सारखाच घुमला पाहिजे. एका बाजूला कमी घुमत असेल तर त्या बाजूचा प्लग सैल आहे.

प्लगवर कर्णकोष चढवले तर संरक्षण दोन्ही आकड्यांच्या बेरजेइतकं होत नाही. साधारण ५ ते १० डेसिबलची भर पडते. एका हद्दीनंतर आवाज कानाच्या नलिकेतून न येता कवटीच्या हाडातून आणि पलंगाच्या थरथरीतून आत शिरतो, आणि ती वाट कोणताही प्लग अडवत नाही. गोंगाट रद्द करणारे सक्रिय हेडफोनही इथेच अडतात. डोकं आणि कॉइल यांच्यामध्ये उशा दाबून बसवल्या की डोकंही स्थिर राहतं आणि थरथरीचा थोडा भाग तुटतो.

इथे एक चूक सर्रास होते. प्लग घालून वरून हेडफोनने वाक्य ऐकवलं, तर प्लग गोंगाट आणि वाक्य दोन्ही सारखेच दाबतो. दोघांमधलं प्रमाण तसंच राहतं, आणि फोम वरचे सूर जास्त अडवत असल्याने वाक्य कोंदट होतं. गोंगाटाच्या तुलनेत वाक्य वर काढायचं असेल तर ज्यांच्या फोमच्या टोकातून नळीवाटे ध्वनी सरळ कानात सोडला जातो, असे इन्सर्ट इअरफोन घ्या. अनेक चॅनलच्या घट्ट हेड कॉइलमध्ये मोठ्या हेडफोनला जागाच नसते, तिथेही हेच उपयोगी पडतात.

पायरी ३: ध्वनी कानापर्यंत पोहोचतो कसा, ते तपासा

लांब हवेच्या नळीचे हेडफोन स्वस्त आणि सुरक्षित असतात, पण ते वरचे सूर खातात आणि मध्ये कुठे कुठे स्वतःचे उंचवटे घालतात. ‘स’ आणि ‘श’ यांत फरक करायचा असेल तर ते चालणार नाहीत. ५ मीटरच्या नळीतून ध्वनी पोहोचायला सुमारे १५ मिलिसेकंद लागतात, हेही मोजा. पिएझो आणि इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचा पल्ला जास्त बरा. कोणतंही साधन असो, त्याचा प्रतिसाद मोजून उलटा फिल्टर ध्वनींवर लावा. डावा-उजवा कान वेगवेगळा मोजा.

सर्व ध्वनींची सरासरी ऊर्जा एकसारखी करा, सुरुवातीला आणि शेवटी १० मिलिसेकंदांचा चढउतार द्या, आणि शिखरं कापली जात नाहीत ना ते तरंग उघडून डोळ्यांनी पाहा. आवाजाची पातळी बाहेर बसून ठरवू नका. सहभागी नळीत झोपलेला, प्लग लावलेले, आणि तुमचाच सिक्वेन्स चालू, अशा स्थितीत एक वाक्य ऐकवून त्याच्याकडून ‘स्पष्ट आणि त्रास न होता’ अशी पातळी ठरवून घ्या आणि दोन्ही कान समतोल करून घ्या. तीन मिनिटांचं हे काम वाचवायला जाऊन पूर्ण डेटा टाकून द्यावा लागू शकतो.

पायरी ४: वेळापत्रक आखा

सगळ्या लेखाचा गाभा इथे आहे. आपण मोजतो तो बोल्ड सिग्नल रक्तप्रवाहाचा असतो आणि तो फार संथ असतो. ध्वनीनंतर तो एक-दोन सेकंदांनी चढू लागतो, ४ ते ६ सेकंदांनी शिखर गाठतो आणि १० ते १२ सेकंदांत बराचसा खाली येतो. हा संथपणा एरवी अडचणीचा असला तरी इथे कामी येतो. ध्वनी शांततेत ऐकवा, थांबा, आणि प्रतिसाद शिखरावर आला की एक चित्र टिपा. टिपताना होणाऱ्या गोंगाटाचा स्वतःचा प्रतिसाद त्या चित्रात पोहोचेपर्यंत चित्र घेऊन झालेलं असतं. या पद्धतीला स्पार्स सॅम्पलिंग म्हणतात. १९९९ साली हॉल आणि सहकाऱ्यांनी तिची सविस्तर मांडणी केली आणि आजही पहिला प्रयोग करणाऱ्याला आम्ही तीच सुचवू.

कागदावर एक आडवी रेष ओढा आणि तिच्यावर असं लिहा. शून्याला स्कॅनरचा ट्रिगर, म्हणजे चित्र सुरू झाल्याची खूण. ० ते २ सेकंद चित्र टिपणं, म्हणजे गोंगाट. २ ते १० शांतता. १० ते १२ पुढचं चित्र. म्हणजे टीआर (एका चित्राच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ) १० सेकंद आणि चित्र टिपायचा वेळ २ सेकंद. पुढच्या चित्राचा मध्य ११ वर. शिखर ५ सेकंदांनी येतं असं धरलं, तर ध्वनीचा मध्य ६ वर हवा, म्हणून २ सेकंदांचं वाक्य ५ ते ७ मध्ये ऐकवा. आता गोंगाटाचं बघा. मागच्या गोंगाटाचा मध्य १ वर, पुढच्या चित्राच्या मध्यापासून १० सेकंद मागे. त्याचा प्रतिसाद तोवर बराच ओसरलेला असतो. हीच रेष टीआर ५ सेकंद घेऊन पुन्हा काढून पाहा. गोंगाटाचं शिखर नेमकं पुढच्या चित्रावर येऊन पडतं. शांततेत ऐकवल्याचं समाधान मिळतं आणि चित्र मात्र गोंगाटाचं निघतं.

कन्सोलवर टीआर नुसता वाढवू नका. बऱ्याच सिक्वेन्समध्ये टीआर १० सेकंद लिहिलं की स्लाइस त्या १० सेकंदांत समान अंतराने पसरतात, आणि ज्या शांततेसाठी सगळा खटाटोप केला तिच्यात टकटक चालू राहते. स्लाइस सलग एका गठ्ठ्यात घ्यायच्या आणि उरलेला वेळ टीआरमधला विलंब म्हणून द्यायचा. फँटम (माणसाऐवजी ठेवायची चाचणीची वस्तू) ठेवून एकदा चालवा आणि कान देऊन ऐका: दोन सेकंद कर्कश, मग आठ सेकंद फक्त पंप.

चित्र टिपायचा वेळ जितका कमी तितकी शांतता मोठी. ४८ स्लाइस, प्रत्येकी ५० मिलिसेकंद, म्हणजे २.४ सेकंद. मल्टिबँडने एकावेळी ३ स्लाइस घेतल्या तर ०.८ सेकंद. एको स्पेसिंग तेच राहत असल्याने सूर बदलत नाही, फक्त त्याचा अवधी घटतो.

किती चित्रं लागतील? तीन अटी आणि चौथी पूर्ण शांततेची. शांततेचे ट्रायल (प्रयोगाच्या एकेक फेऱ्या) गाळू नका, खरा आधार तेच देतात. प्रत्येकी ३० ट्रायल, म्हणजे १२० चित्रं, १० सेकंदांनी २० मिनिटं. १० मिनिटांचे दोन रन, म्हणजे सलग स्कॅन, करा. सतत स्कॅन केलं असतं तर टीआर २ सेकंदांनी तेवढ्याच वेळात ६०० चित्रं मिळाली असती, ही या पद्धतीची खरी किंमत. थोडी भरपाई चुंबकत्वातून होते. ३ टेस्लावर करड्या भागाचा टी१ (चुंबकत्व पूर्ववत होण्याचा काळ) सुमारे १.३ सेकंद धरला, तर ९० अंशांच्या पल्सनंतर २ सेकंदांत चुंबकत्व ७८ टक्क्यांच्या आसपास परततं, १० सेकंदांत जवळजवळ पूर्ण. त्यामुळे फ्लिप अँगल, म्हणजे पल्सने चुंबकत्व कलवण्याचा कोन, ९० अंश ठेवता येतो आणि प्रत्येक चित्र जास्त ठळक येतं.

एकाच बिंदूवर टिपल्याने प्रतिसादाचा आकार कळत नाही, आणि एखाद्या भागाचं शिखर उशिरा येत असेल तर ते हुकतं. शंका असेल तर वाक्याची सुरुवात काही ट्रायलमध्ये ४ वर, काहींत ५ वर, काहींत ६ वर ठेवा. आकार खरोखर हवा असेल तर आयएसएसएस, म्हणजे इंटरलीव्ह्ड सायलेंट स्टेडी स्टेट, ही २००६ साली श्वार्झबाउअर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत बघा. तिच्यात शांततेच्या काळातही स्लाइस उत्तेजित करणाऱ्या पल्स हळुवारपणे चालू राहतात, चुंबकत्व स्थिर राहतं, आणि मग चार-पाच चित्रं लागोपाठ घेता येतात. सिक्वेन्स तुमच्या यंत्रावर बसवलेला असावा लागतो, हीच तिची अडचण.

सतत स्कॅनिंग कायम चूक असंही नाही. मोठ्या आणि मजबूत परिणामासाठी, दीर्घ कथा ऐकवण्यासाठी, किंवा भागांमधल्या संबंधांसाठी एकसलग डेटा लागतो तेव्हा ते योग्य ठरतं. मात्र सौम्य ध्वनी, ऐकू येण्याच्या उंबरठ्याजवळचे सूर, टिनिटस (कानात आपोआप आवाज येत राहणं) असलेले किंवा आवाज असह्य होणारे सहभागी असतील तर टाळाच. मेंदूच्या खोडातल्या इन्फिरिअर कॉलिक्युलससारख्या काही मिलिमीटरच्या गाठीसाठी शांतताही हवी आणि हृदयाच्या ठोक्याला बांधलेलं टिपणंही, कारण तो भाग प्रत्येक ठोक्याबरोबर हलतो. ठोक्याला बांधलं की टीआर दर वेळी थोडा बदलतो आणि त्यामुळे चित्राची उजळी हलते, तेवढी दुरुस्ती विश्लेषणात करावी लागते.

पायरी ५: स्कॅनरच्या आधी

प्रत्येक सहभागीची श्रवणचाचणी २५० ते ८,००० हर्ट्झवर, दोन्ही कानांची. मग टेबलाशी बसवून, पायरी १ मधलं ध्वनिमुद्रण मागे चालू ठेवून प्रयोग करून घ्या. वाक्यं शांततेत ९५ टक्के कळतात आणि गोंगाटात ७०, असं दिसलं तर तुम्ही भाषा नव्हे, अंदाज बांधणं मोजणार आहात. वाक्यं सोपी करा किंवा वेळापत्रक बदला.

ट्रिगरपासून प्रत्यक्ष ध्वनी निघेपर्यंत संगणक किती उशीर करतो ते मोजा. साउंड कार्ड आणि त्याच्या सेटिंगप्रमाणे तो काही मिलिसेकंदांपासून शंभराच्या पुढेही जातो. संथ बोल्डला त्याने फरक पडत नाही, पण लांब वाक्याचं शेपूट पुढच्या गोंगाटात शिरलं तर शेवटचा शब्द गेला, आणि मराठीत वाक्याचं क्रियापद तिथेच असतं.

पायरी ६: विश्लेषणात काय बदलतं

सवयीने नेहमीची साखळी चालवू नका. स्पार्स डेटात चित्र एका गठ्ठ्यात टिपलेलं असतं, स्लाइस टायमिंगची दुरुस्ती इथे लावू नये. प्रतिसादाच्या वळणाने मॉडेल घुसळण्याऐवजी (कन्व्होल्यूशन करण्याऐवजी) प्रत्येक चित्राला त्याच्या आधीच्या ट्रायलची अट द्या. सॉफ्टवेअरमध्ये एकाच कप्प्याचं एफआयआर मॉडेल (प्रतिसादाचा आकार आधी न धरणारं) निवडलं की तेच होतं. १० सेकंदांच्या अंतरावरच्या चित्रांमधलं आपापसातलं नातं क्षीण असतं, त्यामुळे त्याची दुरुस्ती बंद ठेवणं सहसा चालतं. उरलेली त्रुटी बघून खात्री करा. पहिलं चित्र टाकून द्या, कारण त्याच्या आधी ध्वनीही नव्हता आणि गोंगाटही नव्हता. अटी आणि चित्रांची जोडी एक घराने सरकलेली नाही ना, हे पहिल्याच सहभागीवर तपासा: सर्व ध्वनी वजा शांतता केल्यावर दोन्ही बाजूंचा हेश्ल गायरस (ऐकण्याचा मुख्य भाग) ठळक दिसलाच पाहिजे. दिसत नसेल तर आधी जोडी तपासा, मग प्लग, मग ध्वनीची पातळी.

आयएसएसएसमध्ये मॉडेल पूर्ण वेळेवर बांधून नंतर न टिपलेल्या क्षणांच्या ओळी काढून टाकतात. ओळी आधी काढून मग वळण घुसळलं तर सगळ्या वेळा चुकतात.

अहवालात टीआर, चित्र टिपायचा वेळ, शांततेची लांबी, एको स्पेसिंग, ध्वनी ट्रिगरनंतर कधी सुरू झाला, कानांवर काय होतं आणि कानाशी ध्वनीची पातळी किती होती, हे सगळं लिहा. ते ३० सेकंदांचं ध्वनिमुद्रणही डेटाबरोबर जपा. यंत्राचं सॉफ्टवेअर बदललं किंवा ग्रेडियंट कॉइल बदलली की तोच सिक्वेन्स वेगळ्या सुरात वाजू शकतो, आणि आधीच्या सहभागींनी नेमकं काय ऐकलं होतं ते सांगायला दुसरं काही हाताशी नसतं.